कुळाची पुण्याई आणि कुळाचे देणे

कुळाचा अभिमान बाळगणाऱ्याने कुळाचे दोषही पत्करावेत काय? इंग्लंडातील सलग्रेव्हच्या वॉशिंग्टन घराण्याचेच पाहा. १५३९ साली लॉरेन्स वॉशिंग्टनने तेथील मठाची जमीन विकत घेतली. त्याचा वंशज जॉन १६५६च्या सुमारास व्हर्जिनियात उतरला. जॉनचा पणतू जॉर्ज अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला. वंशवेल मोठी देखणी खरी! पण १७९९ साली जॉर्जच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यांची यादी त्यानेच केली; तीत बहुतेकांना आडनावदेखील नाही. एकाच मातीत एकांची वंशावळ झाली, दुसऱ्यांची नुसती मोजदाद. पूर्वजांच्या पापाची शिक्षा वंशजांना नको, हे न्यायाचेच आहे. परंतु वाडवडिलांची पुण्याई मिरवणाऱ्याने त्यांचे देणे नाकारू नये. वंशावळ भिंतीवर लावावी, तशी ती यादीही मुलांना वाचून दाखवावी.