न्यायबुद्धी शिकवता येते का?

कायद्याची कलमे, गाजलेले निवाडे, अपिलाच्या मुदती हे सारे वर्गात सांगता येते आणि परीक्षेत तपासता येते. न्यायबुद्धी ही वेगळी गोष्ट आहे. समोरच्या माणसाच्या अडचणीत न्याय्य काय, हे ओळखणे आणि तिथवर नेणारा मार्ग निवडणे ही क्षमता व्याख्यानाने येते का, हा विधिशिक्षणापुढचा जुना तात्त्विक प्रश्न आहे. शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांना खऱ्या अशिलांची खरी कामे हाताळू देणारी क्लिनिकल शिक्षणपद्धती हे त्याचे एक उत्तर आहे. या उत्तरातून दुसरा, अधिक अवघड प्रश्न निघतो: एकाच्या संकटावर दुसऱ्याने शिकावे, हे योग्य आहे का?

पहिल्या प्रश्नाचा विचार ग्रीक आणि भारतीय अशा दोन्ही परंपरांनी केला आहे. ॲरिस्टॉटलच्या ‘निकोमेकियन एथिक्स’मध्ये असे प्रतिपादन आहे की न्यायाची कृत्ये करत करतच माणूस न्यायी होतो. त्याच ग्रंथात पुढे तो म्हणतो की तरुण वयात भूमितीत पारंगत होता येते, व्यवहारातले शहाणपण मात्र त्या वयात सहसा आढळत नाही. कारण त्या शहाणपणाचा संबंध एकेका विशिष्ट प्रसंगाशी असतो आणि प्रसंग अनुभवानेच कळतात. बृहस्पतीच्या नावावरील प्रसिद्ध वचन याच दिशेने जाते. केवळ शास्त्राच्या आधारे निर्णय करू नये, युक्तिहीन विचाराने धर्माची हानी होते, असा त्याचा आशय आहे. याला जोडून स्मृतिकार मांडव्य ऋषींचा दाखला देतात. चोर आश्रमात लपले, मौनव्रतामुळे ऋषी काही बोलले नाहीत आणि राजाने त्यांनाही चोर ठरवून सुळावर चढवले. तिथे नियम चुकला नव्हता. जो बोलत नव्हता त्याच्याविषयीची वस्तुस्थिती कोणी शोधली नव्हती.

आधुनिक विधिशिक्षणाने दीर्घकाळ नियमाच्या बाजूलाच भर दिला. क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल १८७० साली हार्वर्ड लॉ स्कूलचे डीन झाले आणि त्यांनी निवाड्यांच्या अभ्यासावर आधारलेली पद्धत रूढ केली. त्यांच्या मते कायदा हे शास्त्र होते आणि ग्रंथालय ही त्याची प्रयोगशाळा. १९३३ साली अमेरिकी विधिज्ञ जेरोम फ्रँक यांनी याला आव्हान दिले. वैद्यकाचे विद्यार्थी रुग्णालयात शिकतात, तसे कायद्याच्या विद्यार्थ्यांनी अशिलांसोबत शिकावे, अशी त्यांची मागणी होती. वरिष्ठ न्यायालयाच्या निवाड्यात वस्तुस्थिती आधीच ठरलेली असते. ती कशी ठरली, कोणती बाजू पुढे आलीच नाही, हे त्या निवाड्यातून दिसत नाही, हा त्यांच्या टीकेचा गाभा होता.

पुण्यातील १९९४ सालच्या एका हत्याकांडाच्या खटल्याने हा मुद्दा भारतातही ठळक केला. त्यातील एका आरोपीचा मृत्युदंड सर्वोच्च न्यायालयाने २००० साली कायम केला. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने राजस्थानातील शाळेच्या नोंदीवरून मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो अवघा १२ वर्षांचा होता आणि त्याची सुटका केली. तोवर २८ वर्षांहून अधिक काळ तो तुरुंगात होता. २००० सालचा निवाडा ग्रंथालयात बसून कितीही बारकाईने वाचला, तरी त्याचे खरे वय विद्यार्थ्याला कळले नसते. ते कळण्यासाठी कोणीतरी त्या माणसाशी बोलायला हवे होते आणि त्याच्या गावच्या शाळेतले रजिस्टर शोधायला हवे होते. हे काम निवाडा वाचण्याच्या कामाहून वेगळे आहे आणि ते करूनच शिकता येते.

अमेरिकेत १९६८नंतर फोर्ड फाउंडेशनच्या आर्थिक मदतीने ही पद्धत विद्यापीठांत पसरली. भारतात तिचा उगम कायदेविषयक मदतीच्या चळवळीत आहे. १९७३ सालच्या कृष्ण अय्यर समितीने या कामात विधी महाविद्यालयांना स्थान दिले. १९७६च्या घटनादुरुस्तीने कलम ३९अ आले आणि पैशाअभावी कोणीही न्यायाला मुकू नये हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचे संस्थापक संचालक एन. आर. माधव मेनन यांनी क्लिनिकल शिक्षणाचा पाया घातला, तर गोव्यात व्ही. एम. साळगावकर विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी गावागावांत विधी साहाय्य केंद्रे चालवली. १९९७ साली बार कौन्सिल ऑफ इंडियाने प्रात्यक्षिकाचे चार विषय सर्व महाविद्यालयांना सक्तीचे केले.

अशा केंद्रात विद्यार्थी नेमके काय शिकतो, हे एका नेहमीच्या प्रकारच्या प्रकरणावरून समजते. सासरहून बाहेर काढलेली स्त्री येते आणि घटस्फोट हवा म्हणते. पुस्तक पाठ असलेला विद्यार्थी लगेच घटस्फोटाची कारणे तपासू लागतो. शांतपणे ऐकणाऱ्याला थोड्या वेळाने उमगते की तिला आज हवे आहे ते डोक्यावर छप्पर आणि मुलाची शाळा. मग २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातील सामायिक घरात राहण्याचा हक्क समोर येतो, पोटगीचा अर्ज येतो. हे सारे करायचे की नाही आणि कोणत्या क्रमाने, हे अखेर तीच ठरवते. विद्यार्थ्याने आधी पर्याय आणि त्यांचे परिणाम तिला समजेल अशा भाषेत मांडायचे असतात. प्रश्न विचारणे, गप्प राहणे, कागद तपासणे, अर्जाचा मसुदा लिहिणे ही कौशल्ये यातून येतात. त्यांच्या मुळाशी असते दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या जागेवरून समजून घेण्याची सवय, आणि या सवयीलाच न्यायबुद्धीची सुरुवात म्हणता येते.

इथे दुसरा प्रश्न उभा राहतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, ही इमॅन्युएल कांटची शिकवण. विधी सेवा केंद्रात येणारे लोक बहुतेक गरीब असतात. ज्याच्यापाशी पैसे आहेत तो अनुभवी वकील करतो, तर ज्याच्यापाशी नाहीत त्याच्या वाट्याला शिकाऊ हात येतो. मग हे शिक्षण गरिबाच्या खर्चाने चालले आहे, हा आक्षेप गंभीर ठरतो.

त्याचे उत्तर कांटच्याच शब्दयोजनेत दडलेले आहे. निषेध आहे तो ‘केवळ’ साधन मानण्याचा. अशिलाचे हित हाच त्या कामाचा हेतू असेल आणि विद्यार्थ्याचे शिकणे त्यातून आपोआप घडत असेल, तर त्या माणसाचा मान राखला जातो. त्यासाठी काही अटी काटेकोर पाळाव्या लागतात. समोरचा विद्यार्थी आहे, वकील नाही, हे अशिलाला आधी सांगून त्याची संमती घ्यावी लागते. प्रत्येक सल्ला आणि प्रत्येक कागद अनुभवी वकिलाच्या नजरेखालून जावा लागतो. गोपनीयता वकिलाइतकीच पाळावी लागते. परीक्षा आल्या, सुट्टी लागली म्हणून प्रकरण अर्धवट सोडता येत नाही. आणि जिथे विद्यार्थ्याची चूक भरून न येणारी ठरेल, तिथे काम सुरुवातीपासूनच जाणत्या वकिलाकडे द्यावे लागते.

या अटींकडे शिक्षणातली अडचण म्हणून पाहणे चूक ठरेल. अशिलाकडे अभ्यासाचा नमुना म्हणून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तंत्र येईल, जबाबदारी येणार नाही. समोरच्याचे भले आपल्या कामावर अवलंबून आहे, या जाणिवेने जो रात्र जागून अर्ज पुन्हा लिहितो, त्याच्यातच न्यायबुद्धी रुजते. म्हणजे अशिलाचे हित पहिले मानले की शिक्षणही अधिक खोल होते. इथे नीती आणि अध्यापन एकाच ठिकाणी पोहोचतात.

भारतात ही पद्धत याच ठिकाणी लंगडी पडते. ॲडव्होकेट्स ॲक्टनुसार न्यायालयात वकिली करण्याचा अधिकार नोंदणीकृत वकिलाचा आहे. न्यायालयाची खास परवानगी नसेल तर विद्यार्थ्याला बाजू मांडता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनी पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिलीची सामान्यतः मनाई आहे, त्यामुळे बहुतेक प्राध्यापकांचा न्यायालयाशी संबंध तुटतो आणि देखरेख करणारा अनुभवी माणूसच महाविद्यालयात उरत नाही. मग प्रात्यक्षिक म्हणजे अभिरूप न्यायालय, दोन खटल्यांचे निरीक्षण आणि भरलेली वही एवढेच राहते. अभिरूप न्यायालयात युक्तिवादाचा सराव होतो, पण तिथे कोणाचेही घर जाणार नसते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकील आणि महाविद्यालये यांची नियमित सांगड घातली, तर ही उणीव बरीच भरून निघू शकते.

तात्पर्य, न्यायबुद्धी कायद्याच्या ज्ञानासारखी सांगून देता येत नाही, तिच्यासाठी योग्य परिस्थिती मात्र उभी करता येते. खरा माणूस, खरी जबाबदारी, जाणती देखरेख आणि केलेल्या कामावर नंतर केलेला प्रामाणिक विचार हे तिचे चार घटक आहेत. देखरेख नसेल तर हे शिक्षण गरिबावर अन्याय करते आणि जबाबदारी नसेल तर ते शिक्षणच राहत नाही.