समुद्राचे दालन पीथमपुरात हवे

समुद्ररक्षणाचे प्रदर्शन म्हटले की आपल्याला मुंबई आठवते: १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय, नाहीतर नवी मुंबईत ऐरोलीचे खाडीकाठचे सागरी जैवविविधता केंद्र. मला मात्र असे दालन मध्य प्रदेशातल्या पीथमपुरात हवे आहे. समुद्राशी आपला काय संबंध, असे ज्यांना वाटते, त्यांनाच त्याची खरी गरज आहे.

संबंध तर इथल्या दगडातच आहे. याच धार जिल्ह्यात, बाग-चिराखानच्या चुनखडकात, शिंपले आणि समुद्री अर्चिन सापडतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, त्याच्या या खुणा. असा एखादा तुकडा काचेआड न ठेवता मुलांच्या हातात द्यावा.

नेहमीच्या प्रदर्शनांत बटण दाबले, दिवा लागला, देवमाशाचा आवाज आला, की मुले पुढच्या बटणाकडे धावतात. त्यात बोटांना काम मिळते, डोक्याला नाही. फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय उभारले, ते पाहणाऱ्याने स्वतः करून बघावे म्हणून. उत्तर आधीच ठरवून टाकले, तर करून बघण्यासारखे उरते काय?

इथे मांडणीचा विषय आयता आहे. जवळच्या जानापाव डोंगरावर चंबळ उगम पावते. तिचे पाणी यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगराच्या दक्षिणेचे पाणी कारम नदीतून नर्मदेला आणि पुढे खंभातच्या आखाताला जाते. या डोंगराची मोठी प्रतिकृती करावी. मुलांनी तिच्यावर पाणी ओतावे, रंग मिसळावा, बांध घालावा, गाळण लावावे, आणि कुठल्या समुद्रात काय पोचले ते स्वतः पाहावे.

शेजारी टायर ठेवावा. हे गाव वाहनांचे आहे, नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा चाचणीमार्ग इथेच आहे. रबर तडकू नये म्हणून टायरमध्ये सिक्सपीपीडी नावाचे रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्यापासून जे द्रव्य बनते, ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातून अंडी घालायला ओढ्यांत परतणारे कोहो सामन मासे त्यानेच मरतात, हे २०२० मध्ये सिद्ध झाले. वाहन बनवणाऱ्या कामगाराच्या मुलीला हे कळले पाहिजे. तिला दोषी ठरवण्यासाठी नव्हे. उद्या दुसरे रसायन कदाचित तीच शोधेल.

पीथमपूरच्या कारखानदारांनी यासाठी एक रिकामी शेड द्यावी, आणि आराखडा करायला बसताना इथल्या कामगारांना व शाळकरी मुलांना सोबत घ्यावे.