आवाजाची मूर्ती

निर्गुणाला रूप दिलं की ते उणावतं का? कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते तेव्हा हा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा, आणि मुलं दहा गुणांपुरते शंकराचार्य उतरवून मोकळी व्हायची. निवृत्तीनंतर डोळे साथ देईनात, म्हणून सुनेने मोबाइलवर ऑडिओबुकं लावून दिली. तेव्हा हाच प्रश्न मेथी निवडता निवडता पुन्हा पुढ्यात आला, तोही एका विनोदी इंग्रजी कादंबरीतून.

टेरी प्रॅचेटची ‘डिस्कवर्ल्ड’ मालिका 1983 ते 2015 अशी चालली. कादंबऱ्या 41. जग सपाट, ते चार हत्तींच्या पाठीवर आणि हत्ती एका अजस्र कासवावर. तिथे मृत्यू हे चक्क एक पात्र आहे. सभ्य, जरासा गोंधळलेला, मांजरांवर जीव असलेला. छापील पानावर त्याचं बोलणं अवतरणचिन्हांशिवाय, नुसत्या कॅपिटल अक्षरांत येतं. म्हणजे त्याला आवाज असा नाहीच, वाचणाऱ्याने आपल्या मनात काय तो द्यावा. हे मोठ्याने वाचायचं कसं?

नायजेल प्लॅनर आणि पुढे स्टीफन ब्रिग्ज यांनी ते आपापल्या परीने वाचलं. 2022 पासून पेंग्विनने मालिका नव्या नटांच्या आवाजात आणली. त्यात मृत्यूचा आवाज पीटर सेराफिनोविचचा आणि पुस्तकातल्या तळटीपांचा बिल नायचा. झालं, श्रोत्यांत पंथ पडले. जुने म्हणतात, तळटीप ही लेखकाचीच कुजबुज, ती त्याच गळ्यातून यायला हवी. नवे म्हणतात, जुनं ध्वनिमुद्रण खरखरतं. मला विचाराल तर बिल नाय तमाशातल्या सोंगाड्यासारखा मध्येच येतो, चेहरा न हलवता एक वाक्य टाकतो आणि कथा पुढे जाते. हसू येतं ते त्या थंडपणाचं.

सून ब्रिग्जच्या पंथाची. ती म्हणते, “आई, तुम्ही नव्यापासून सुरुवात केलीत, म्हणून तुम्हाला ते आवडतं.” खोटं नाही. पुलंच्या तोंडून ‘म्हैस’ ऐकलेल्या माणसाला ती दुसऱ्या कुणी वाचली तर पहिल्याच वाक्याला खटकते. जो आवाज आधी कानात बसतो, तोच मूळ वाटू लागतो.

या भांडणाचा निकाल मला प्रॅचेटच्याच ‘स्मॉल गॉड्स’मध्ये सापडला. कादंबरी 1992 ची, नव्या मालिकेत अँडी सर्किसने वाचलेली. ऑम हा मोठा देव पृथ्वीवर अवतरायला जातो आणि कासव होऊन बसतो. कारण इथे देवांची ताकद भक्तांच्या श्रद्धेवर अवलंबून, आणि त्याच्यावर खरी श्रद्धा ठेवणारा एकच उरलाय: मठाच्या बागेत राबणारा ब्रूथा, ज्याला लिहितावाचता येत नाही, पण ऐकलेलं काही विसरत नाही. देवाचं बोलणं त्या एकट्यालाच ऐकू येतं. बाकी राज्यभर देवळं आहेत, पुरोहित आहेत, धर्माच्या नावाने छळ करणारे अधिकारीही आहेत. लोक डोकं टेकवतात, पण ते या व्यवस्थेच्या धाकाला. देव पार मागे पडलाय.

हसता हसता प्रॅचेट ज्यावर बोट ठेवतो ते आपल्याला परकं नाही. वारकऱ्याला विटेवरचा विठ्ठल हवाच असतो आणि तो विटेपुरता नाही हेही ठाऊक असतं. सगुण-निर्गुण दोन्ही एकच, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. मूर्तीने देव उणावत नाही. आपल्या मूर्तीपलीकडे देव नाही असं म्हणालो, की मात्र आपण उणावतो.

आवाजाचंही तेच. “आवाज हे नुसतं वेष्टन, आशय महत्त्वाचा,” असं म्हणणारे विनोदाशी कधी खेळलेले नसतात. अर्ध्या क्षणाचा विराम चुकला की विनोद मेला. त्यामुळे वाचणारा नट नीट पारखावा, खुशाल नाकारावा. पण “माझाच मृत्यू खरा, तुमचा खोटा” अशी भाषा सुरू झाली, की आपण प्रॅचेटचे श्रोते राहत नाही, ऑमच्या राज्यातले पुरोहित होतो. तुमचा लाडका आवाज जपा. पण एकदा तरी ‘स्मॉल गॉड्स’ दुसऱ्याच्या तोंडून ऐका, आणि तिथेही हसू आलं तर ते प्रॅचेटच्या खात्यात जमा करा.