अश्रूंनाही बंदी

चेन्नईपासून चाळीसेक किलोमीटरवरचं श्रीपेरुंबुदूर आपल्याकडे ठाऊक आहे ते २१ मे १९९१ च्या आत्मघाती स्फोटामुळे. त्या रात्री राजीव गांधी गेले आणि त्यांच्यासोबत डझनाहून जास्त माणसं. पण वैष्णवांसाठी हे रामानुजाचार्यांचं जन्मगाव आहे. परंपरा त्यांचा जन्म इ.स. १०१७ चा मानते. सगळे जीव आणि सगळं जग हे ईश्वराचं शरीर आहे, हे त्यांच्या विशिष्टाद्वैताचं मर्म. मग स्वतःचं आयुष्य संपवणारा माणूस त्या शरीराबाहेर कसा काय पडतो?

धर्मशास्त्राने त्याला बाहेर काढलं होतं, हे मात्र खरं. असा मृत्यू आला तर जलदान करू नये, असं मनुस्मृती सांगते. पराशरस्मृती तर सुतक, पाणी, अग्नी यांच्या जोडीने अश्रूही नाकारते आणि देह वाहून नेणाऱ्यालाही प्रायश्चित्त सांगते.

अश्रू नाकारणं म्हणजे काय, हे गेलेल्याला कळत नाही. ते कळतं ओसरीवर बसलेल्या आईला. एरवी मयताच्या घरी माणसं गेलेल्याच्या आठवणी काढतात. इथे येणारा आवाज उतरवून विचारतो, ‘आदल्या दिवशी भांडण झालं होतं का?’ पंचनाम्याला आलेला हवालदारही तेच विचारतो. घरच्यांना तर हा प्रश्न कुणी विचारावा लागतच नाही. आदल्या संध्याकाळचं बोलणं ते शब्दन् शब्द उलगडत राहतात: तो जेवताना गप्प होता, आपण विचारलं का नाही? दुःखात अपराध असा मिसळला की नीट रडताही येत नाही. शास्त्राची बंदी नसली तरी ती घरात शिरतेच.

शास्त्रकारांनाही हे जाणवलं असावं. बसवकल्याण, म्हणजे तेव्हाच्या चालुक्यांच्या कल्याणीत, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. अशा मृताचे वर्षानंतर नारायणबली करून पुढचे विधी करावेत, अशी वाट तिथे दिली आहे. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबलीसाठी आजही कुटुंबं येतात. त्या विधीवर किती विश्वास ठेवायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आपल्या माणसासाठी काहीतरी करायला मिळणं, त्याचं नाव पुन्हा मोठ्याने घेता येणं, याची भूक खरी आहे. वर्षभर थांबवणं मात्र क्रूर वाटतं.

कायद्याने तर त्याहून उशीर केला. आत्महत्येचा प्रयत्न १८६० च्या दंडसंहितेत गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता हे गृहीत धरलं, आणि १ जुलै २०२४ पासून जुनं कलम ३०९ गेलं. १४४१६ ही टेलिमानसची मोफत मदतवाहिनीही आता आहे. घरच्यांनीही तिथे बोलावं.

विदर्भात दुःखाला कागदाचीही परीक्षा द्यावी लागते. शेतकऱ्याच्या अशा मृत्यूनंतर सातबारा, कर्ज, थकबाकी तपासून समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवते. पात्र ठरलं तर १ लाख रुपये. अपात्र ठरलेल्या घरातली बाई पैशाला मुकतेच. नवरा शेतीपायी गेला, हे तिचं म्हणणंही सरकारदरबारी खोटं ठरतं.

अशा बायकांनी आपला आवाज रंगमंचावर मिळवला. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापेंनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त घरांतल्या बायका स्वतः उभ्या राहतात. तेरवं म्हणजे तेराव्याचा विधी. त्या दिवशी गोतावळा जेवून आपापल्या घरी जातो आणि बाई उंबऱ्याच्या आत एकटी उरते. नाटकाची गोष्ट तिथून पुढची आहे. त्यातल्याच वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. खाली मंडपात साहित्यिक, मंत्री, वाचक बसले होते. नवऱ्याने असं का केलं, हे त्या दिवशी तिला कुणी विचारत नव्हतं. ती सांगत होती आणि मंडप ऐकत होता.