पुन्हा मागताना

नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यातून भोसले राज्य चालवत होते, तेव्हा सत्ता पुन्हा मागायची वेळ कुणावर येत नव्हती. ती घराण्यातच राहायची. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात पुत्राविना गेले, तेव्हा इंग्रजांनी वारस नाही एवढ्याच सबबीवर राज्य खालसा केलं. आज त्याच महालाच्या गडरलाईनपासून दिवाबत्तीपर्यंतची विचारणा नगरसेवकाकडे होते आणि पाच वर्षं भरली की त्याचं पद संपतं. मग तो पुन्हा तिकीट मागतो, पुन्हा दारोदार हात जोडतो. तोंडी सेवेची भाषा आणि डोळा खुर्चीवर, ही आसक्तीच नव्हे का, असं श्रद्धावान माणसाच्या मनात येतं. हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. माझ्या मते पुन्हा मागणं निष्काम सेवेच्या आड येत नाही. मात्र झालेल्या आणि राहिलेल्या कामाचा हिशेब पुढे ठेवल्याशिवाय मागण्याचा अधिकारच उभा राहत नाही.

आक्षेपाची सगळ्यात भक्कम बाजू बौद्ध संघाच्या विनयात सापडते. भोजनाच्या वाटपाची व्यवस्था पाहणारा भिक्षू नेमायचा, तर आधी त्याला विनंती करायची, मग संघापुढे ठराव ठेवायचा आणि कुणी हरकत घेतली नाही की नेमणूक पक्की. तो लोभ, द्वेष, मोह किंवा भय यांपायी वाकडा जाणारा नसावा आणि काय वाटून झालं, काय राहिलं, हे त्याला ठाऊक असावं. इथे माणूस पद मागत नाही, त्यालाच विचारलं जातं. दीक्षाभूमीच्या शहराला हा दाखला परका नाही. संघाला बैठकीचे, ठरावाचे, गणसंख्येचे आणि मतमोजणीचे नियम माहीत होते, हे डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत आवर्जून सांगितलं होतं. पण विहारात सगळे एकमेकांना ओळखतात. नागपुरात २०१७ साली १५१ नगरसेवक ३८ प्रभागांतून निवडले गेले, म्हणजे एका प्रभागात साठेक हजार माणसं. एवढ्यांनी मिळून विनंती करायची कुणाला आणि कशी? लोकांकडे मागायचं नाही म्हटलं, तर नगरसेवक पक्षाच्या निवड समितीकडे बंद दाराआड मागेल. त्यापेक्षा बडकस चौकात चारचौघांदेखत मागणं केव्हाही स्वच्छ.

गीतेचा आधार घेऊन पद सोडून देण्याचा सल्ला देणारेही गीतेची सुरुवात विसरतात. राज्य नको, भिक्षा मागून जगणं बरं, असं अर्जुनच म्हणत होता, आणि कृष्णाने त्याला वैराग्य मानलं नाही. उलट जनकाचं उदाहरण देऊन लोकसंग्रहासाठी कर्म करायला सांगितलं. तेव्हा पद सोडलं म्हणजे आसक्ती सुटली, असं होत नाही. आसक्ती कर्तेपणाच्या अभिमानात दिसते. चौकातला एखादा बाक पाहावा. पाठीवर ठळक अक्षरांत नाव, खाली ‘यांच्या निधीतून’. तो निधी ज्यांच्या कराचा, तीच माणसं त्या नावाला पाठ टेकून बसतात. परतफेडीच्या आशेने केलेल्या दानाला गीता राजस म्हणते. इथे तर दान दुसऱ्याच्या पैशाचं आणि परतफेड मात्र स्वतःला हवी. असल्या बाकाच्या बळावर मत मागणं मला अधर्म वाटतं. शब्द कठोर आहे, पण मला दुसरा सुचत नाही.

तमिळनाडूत उत्तिरमेरूर इथे मंदिराच्या भिंतींवर चोळ काळातले, सन ९१९ आणि ९२१ चे, ग्रामसभेचे नियम कोरलेले आहेत. नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाकायची, ती लहान मुलाने काढायची आणि मध्यस्थाने पाचही बोटं पसरून उघड्या तळव्यावर घ्यायची, म्हणजे हातचलाखीला जागा नको. ही सभा ब्राह्मण जमीनधारकांपुरती होती, त्यामुळे तिला आदर्श म्हणता येणार नाही. पण एक नियम आजही बोचावा असा आहे: समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही तो अपात्र, आणि त्याचे नातेवाईकही अपात्र. यावर कुणी म्हणेल, तिथे तर गेल्या तीन वर्षांत समितीवर असलेल्यालाही मनाई होती, मग आपणही दुसरी खेप बंद करावी. पण तिथे निवड चिठ्ठीची होती, आणि चिठ्ठी जाब विचारत नाही. मतदार विचारू शकतो. परतायचंच नाही, हे आधीपासून माहीत असलेल्या नगरसेवकाला शेवटच्या दोन वर्षांत मतदाराच्या दारात जायचं कारणच उरत नाही.

चिठ्ठी आपल्याकडेही आहे. महिला आरक्षण २०११ पासून निम्म्या जागांवर गेलं आणि आरक्षणाच्या सोडतीत कुणाची जागा गेली की अनेकदा त्याची बायको उमेदवार होते. तिला कमी लेखायचं कारण नाही. तिला कारभार त्याच्याहून चांगला जमू शकेल. पण गांधीबाग झोनच्या बैठकीत तिच्या जागी तो बोलत असेल, पाण्याची तक्रार तिच्या नावाने येऊन त्याच्या फोनवर जात असेल, तर खुर्चीने घर सोडलेलं नाही, आणि हिशेब कुणाकडे मागायचा हेच कळेनासं होतं.

उरला शेवटचा आक्षेप: निर्वाचित माणूस नसला तरी चालतं, प्रशासकाला ना मतांचा लोभ ना खुर्चीचा. नागपूरने हे अनुभवलं आहे. २०२२ च्या मार्चात महापालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं निवडणूक झाली नाही. कामं थांबली नाहीत, काही वेगानेही झाली असतील. पण अधिकाऱ्याची बदली होते, त्याला महालात मत मागायला यावं लागत नाही. केळीबाग रस्त्याच्या रुंदीकरणात ज्यांचं दुकान किंवा घर जातं, त्यांना समोर उभं करून ‘हे तू का केलंस, आणि आता पुन्हा कशाच्या जोरावर आलास?’ असं विचारता येईल, असा माणूस त्या चार वर्षांत कुणीच नव्हता.