नादाराची बाजू कोण मांडणार?

कर्ज फेडणे आपल्या शक्तीपलीकडचे आहे असे न्यायालयापुढे सांगणे, ही दिल्या शब्दाशी प्रतारणा होय काय? शिरूर-दौंडकडे हा प्रश्न क्वचितच उघडपणे विचारला जातो. तो विचारण्यासाठी वकिलाची पायरी चढावी लागते, आणि ती चढताना कोणी पाहील ही धास्ती पुष्कळांना कर्जाहून जड वाटते.

याच मुलखात 1874 साली शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकाराला वाळीत टाकले, आणि 12 मे 1875 रोजी भीमथडीतील सुप्याच्या बाजारात रोखे व हिशेबवह्या जाळल्या गेल्या. त्यातून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात धाडणे त्याने बंद केले. त्यातील एक तरतूद आम्हांस फार मोलाची वाटते. समोरच्या पक्षाने वकील दिला असेल आणि शेतकऱ्याला ती ऐपत नसेल, तर न्यायाधीश त्याच्या संमतीने सरकारी वकिलाला त्याची बाजू मांडण्यास सांगू शकत असे. ऋणको एकटा उभा राहिला तर न्याय लंगडा होतो, हे परक्या सरकारलाही उमगले होते.

आज 2016 च्या नव्या संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग डिसेंबर 2019 पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू आहे. सामान्य माणसासाठी 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियमच उरतो, आणि त्याचा अर्ज सामान्यतः जिल्हा न्यायालयात करावा लागतो. तालुक्याचे वकील बहुधा जमिनीचे दावे, अपघात, न वटलेले धनादेश यांत गुंतलेले. शिवाय लहान गावात जो वकील भेटतो तोच कदाचित पतसंस्थेचाही वकील असतो. म्हणून वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: आपण माझ्या एखाद्या धनकोचे काम पाहता काय, आणि नादारीचा अर्ज पूर्वी चालविला आहे काय? यात उद्धटपणा नाही.

आता मूळ प्रश्न. पतसंस्थेचा पैसा म्हणजे अखेर कोणा निवृत्त शिक्षकाची, कोणा विधवेची ठेव, तिचे काय? आक्षेप रास्त आहे. पण नादारीवाचून काय घडते तेही पाहावे. दारात येऊन ओरडणाऱ्याला आधी पैसे मिळतात. किराणा दुकानदार आणि उसाच्या फडातला मजूर मुकाट राहतात. पहिले देणे भागविण्यासाठी दुसरे काढले जाते, आणि शब्द पाळल्याच्या समाधानात नवा माणूस बुडतो. न्यायालयात मात्र सारी मालमत्ता व सारी देणी लिहून द्यावी लागतात, आणि कायद्याचे अग्रक्रम वजा जाता उरलेले सर्व धनकोंत प्रमाणाने वाटले जाते. लबाडीने केलेल्या कर्जातून सुटका नाही. जुन्या करारातील अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात सातव्या वर्षी ऋणमोचनाची आज्ञा आहे. तेथे ऋणको बांधवच राहतो.

फी परवडत नाही, ही अडचण खरी. तथापि 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता, व इतरांना ठरावीक उत्पन्नाच्या आत, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.