केबलचे वचन आणि आप्ताचे लक्षण

खरे ज्ञान कोणत्या साधनांनी होते याचा विचार करणाऱ्या प्रमाणशास्त्रात ‘शब्द’ या प्रमाणाची जागा नेहमीच वादाची राहिली आहे. डोळ्यांना दिसते ते प्रत्यक्ष आणि धुरावरून अग्नी कळतो ते अनुमान, याबद्दल बहुतेक दर्शनांचे एकमत होते. परंतु केवळ दुसऱ्याने सांगितले म्हणून जे मानले जाते त्याला ज्ञान म्हणावे की नुसता विश्वास, यावर मात्र तट पडले. वैशेषिकांनी आणि बौद्धांनी शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानले नाही, तर नैयायिकांनी व मीमांसकांनी ते मानले आणि मग ते का मानावे यावर शतकानुशतके आपापसांत वाद घातला. हा वाद प्रामुख्याने वेदांच्या निमित्ताने झाला असला, तरी त्याचा विषय केवळ वेद नव्हता. जे स्वतः तपासता येत नाही, पण ज्याच्यावर भिस्त ठेवून वागावेच लागते, अशा प्रत्येक गोष्टीला तो लागू होतो. एका कंपनीचा फोन, दुसरीची केबल आणि तिसरीचा चार्जर रात्री उशाशी एकत्र जोडले जातात, तेव्हा ‘हे सुरक्षित आहे का’ हा प्रश्न वरकरणी विजेचा असतो. त्याचे उत्तर मात्र शेवटी कोणाच्या तरी वचनावर येऊन थांबते.

प्रथम विजेची बाजू स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण याविषयीची भीती बऱ्याचदा चुकीच्या जागी असते. जलद चार्जर फोनमध्ये वीज कोंबत नाही. चार्जर विशिष्ट दाब, म्हणजे व्होल्टेज, उपलब्ध करून देतो आणि त्या दाबाने किती प्रवाह घ्यायचा हे फोन ठरवतो. २०१४ साली जाहीर झालेल्या यूएसबी टाइप-सी या जोडणीत तर, पलीकडे वीज घेणारे उपकरण आहे अशी खूण पटेपर्यंत चार्जरने आपल्या टोकाशी वीज सोडूच नये, असा नियम आहे. खूण पटल्यावर प्रथम ५ व्होल्ट मिळतात आणि त्याहून अधिक दाब दोन्ही उपकरणांत संवाद होऊन सहमती झाल्याखेरीज मिळत नाही. म्हणून एखाद्या कंपनीची खास जलद केबल साध्या चार्जरला लावली, किंवा जलद चार्जरला वेगळ्या पद्धतीचा फोन लावला, तर सर्व घटक प्रामाणिक असताना घडते ते इतकेच की फोन सावकाश भरतो. सर्वांत गंभीर धोका तर केबलमध्ये नसून चार्जरच्या पोटात असतो, कारण घरातील २३० व्होल्ट आणि हाताला लागणारे ५ व्होल्ट यांच्यामधले विद्युतरोधक अंतर राखण्याचे काम तिथे होते. ते अंतर निकृष्ट असेल, तर उत्तमातली उत्तम केबलही काही वाचवू शकत नाही.

‘सर्व घटक प्रामाणिक असताना’ या शब्दांपाशीच तत्त्वज्ञानाचा प्रश्न सुरू होतो. टाइप-सी केबल ही केवळ तार नव्हे, ती बोलते. दोन्ही टोके टाइप-सी असलेली केबल काहीही बोलली नाही, तर ती ३ अँपिअर प्रवाह सोसू शकते एवढेच गृहीत धरले जाते, म्हणजे २० व्होल्ट दाबाने ६० वॅट. त्याहून अधिक प्रवाह हवा असेल, तर केबलमध्ये ‘ई-मार्कर’ नावाची एक लहान चिप असावी लागते, जी विचारणा झाल्यावर ‘मी ५ अँपिअर सोसू शकते’ असे सांगते. २०२१ साली सुधारलेल्या नियमांनुसार अशा केबलमधून ४८ व्होल्ट दाबाने २४० वॅटपर्यंत शक्ती वाहू शकते. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ३ अँपिअरच्या जागी ५ अँपिअर वाहू लागले की त्याच तारेत जवळपास पावणेतीन पट उष्णता निर्माण होते. त्या चिपच्या एका वाक्यावर एवढे अवलंबून असते, आणि चार्जर तारेची जाडी मोजत नाही; तो ते वाक्य ऐकतो आणि मानतो.

हे मानणे योग्य कशाच्या आधारावर? मीमांसकांचे, विशेषतः सातव्या शतकातील कुमारिल भट्टांचे, उत्तर ‘स्वतःप्रामाण्य’ या नावाने ओळखले जाते. ज्ञान उत्पन्न होते तेव्हाच ते खरे मानले जाते, त्यासाठी बाहेरच्या दाखल्याची गरज नसते. ते खोटे ठरते ते केवळ पुढे त्याला बाधक ज्ञान झाले, किंवा ते ज्या कारणातून आले त्या कारणात दोष आढळला, तर. नैयायिक याला ‘परतःप्रामाण्य’ म्हणून विरोध करतात: ज्ञानाचे खरेपण दुसऱ्या कशावरून तरी, मुख्यतः त्या ज्ञानावर भिस्त ठेवून केलेली कृती फळाला आली यावरून, समजते. पाणी दिसले, जवळ गेल्यावर तहान भागली, म्हणजे दिसले ते पाणीच होते. टाइप-सीच्या नियमांत या दोन्ही भूमिका अजाणता सामावल्या आहेत असे म्हणता येईल. चिपचे वाक्य चार्जर मीमांसकासारखा निमूट स्वीकारतो. पण जिथे वाक्यच नाही तिथे तो ३ अँपिअरपलीकडे जात नाही, म्हणजे दावा जितका मोठा तितका दाखल्याचा भार अधिक, हे तत्त्व त्याने पाळलेले असते. केवळ नैयायिकांची फलकसोटी मात्र इथे अपुरी पडते, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. मृगजळाने फसलेला प्रवासी तहानलेला परत फिरू शकतो. खोट्या केबलने फसलेल्या घराला परत फिरण्याची संधी मिळेलच असे नाही. ज्या विषयात पहिलेच अपयश अंतिम ठरू शकते, तिथे प्रचीतीची वाट पाहणे हे शहाणपण नव्हे.

नैयायिकांनाही ही अडचण ठाऊक होती. दुसऱ्याच्या शब्दाला प्रमाण मानायचे तर तो दुसरा ‘आप्त’ असावा लागतो. ज्या ‘तर्कसंग्रह’ ग्रंथाने न्यायशास्त्राच्या अभ्यासाचा आरंभ होतो, तो आप्ताचे लक्षण अगदी थोडक्यात देतो: जसे आहे तसे बोलणारा. वात्स्यायनाचे न्यायभाष्य मात्र अधिक खोलात जाते आणि आप्ताच्या ठिकाणी तीन गोष्टी पाहते. त्याने विषय साक्षात जाणलेला असावा, त्याला प्राणिमात्रांविषयी दया असावी, आणि जाणले तसे सांगण्याची इच्छा असावी. यांतील दया ही अट आधुनिक वाचकाला अनपेक्षित वाटेल, कारण खरे बोलण्याशी दयेचा संबंध काय, असे मनात येते. परंतु वात्स्यायनाला जे दिसले ते असे की ज्याला ऐकणाऱ्याच्या बऱ्यावाइटाची फिकीर नाही, तो जाणूनही सांगणार नाही, किंवा अर्धेच सांगेल. केबलमधली चिप काही जाणत नाही आणि तिला दयाही नाही, म्हणून ती स्वतः आप्त असू शकत नाही; तिच्या मुखातून जे बोलते ते बनवणाऱ्याचे ज्ञान, त्याची दया आणि त्याची सचोटी. केबलचे वचन हे अशा माणसाचे वचन आहे, जो ऐकणाऱ्याला कधीच भेटणार नाही.

वक्त्याचे वचन कशामुळे बिघडते, याची गणना उत्तरकालीन शास्त्रग्रंथांत चार दोषांनी केली जाते: भ्रम म्हणजे चुकीची समजूत, प्रमाद म्हणजे हलगर्जी, विप्रलिप्सा म्हणजे फसवण्याची इच्छा, आणि करणापाटव म्हणजे साधनांची अक्षमता. केबलच्या अल्प इतिहासात हे चारही दिसतात, आणि त्यांतील प्रमादाचे उदाहरण विलक्षण बोलके आहे. जुन्या आयताकृती यूएसबी टोकाच्या चार्जरला टाइप-सीची भाषा येत नाही, म्हणून एक टोक जुने आणि एक टाइप-सी असलेल्या केबलमध्ये एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला ठरावीक रोध करणारा भाग, बसवून केबलने त्या मुक्या चार्जरच्या वतीने बोलावे अशी योजना आहे. हा रोध ५६ किलोओहम असेल, तर फोनला कळते की पलीकडे साधाच स्रोत आहे, बेताने घे. तो १० किलोओहम असेल, तर फोनला सांगितले जाते की खुशाल ३ अँपिअर घे. २०१५ च्या सुमारास विकल्या गेलेल्या अनेक केबलमध्ये ५६ च्या जागी १० किलोओहमचा रेझिस्टर होता. बोलणारी केबल आणि ऐकणारा फोन यांना याची झळ लगेच लागतेच असे नाही. ज्याच्या नावाने वचन दिले गेले, त्या मुक्या चार्जरवर किंवा संगणकाच्या यूएसबी पोर्टवर कुवतीपेक्षा अधिक भार येतो. चांगल्या स्रोतात संरक्षण असते आणि तो वीज तोडतो. निकृष्ट स्रोत तापतो. दुसऱ्याच्या वतीने, त्याला न विचारता, त्याच्या ताकदीबाहेरचा शब्द देणे याला व्यवहारात काय म्हणतात हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही.

२०१५ साली गूगलमधील अभियंता बेन्सन लेउंग यांनी बाजारातील केबल स्वतः विकत घेऊन तपासण्यास आणि निष्कर्ष जाहीरपणे लिहिण्यास सुरुवात केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका केबलच्या तारा मुळातच उलटसुलट जोडलेल्या निघाल्या आणि त्या तपासणीत त्यांचा लॅपटॉप व मापनाची उपकरणे निकामी झाली. पुढच्याच महिन्यात अॅमेझॉनने नियमांत न बसणाऱ्या टाइप-सी केबलच्या विक्रीस मनाई केली. या घटनाक्रमात वात्स्यायनाची तीनही लक्षणे एका माणसाच्या कृतीत दिसतात: साक्षात जाणणे, इतरांचे नुकसान टळावे ही तळमळ, आणि पाहिले तसे सांगणे. उलट, त्या सदोष केबल बनवणारे बहुतेक जण फसवणूक करत होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी बहुधा नियम नीट वाचला नव्हता. परंतु तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाने हिंसेची व्याख्या करताना प्रमादालाच तिचे मूळ मानले आहे, आणि ही दृष्टी इथे अधिक न्याय्य आहे. हेतू वाईट नव्हता ही सबब ज्याचे उपकरण जळाले त्याच्यापुढे टिकत नाही.

भ्रमाचे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात टाइप-सीच्या दोन संकेततारा एकाच रेझिस्टरला जोडल्या गेल्या होत्या. त्यामुळे चिप असलेली उत्तम केबल लावली की चार्जरला पलीकडे ध्वनीचे उपकरण असल्याचा भास होई आणि तो वीजच देत नसे, तर बिनचिपची साधी केबल निर्वेध चाले. केबलचे वचन खरे होते, चार्जरचे कान शाबूत होते, तरीही अर्थाचा अनर्थ झाला. इथे निदान परिणाम निरुपद्रवी होता, कारण संशय आल्यावर चार्जरने वीज देण्याऐवजी मौन पत्करले. पुढच्या आवृत्तीत ती चूक दुरुस्त झाली.

विप्रलिप्सेबद्दल बोलताना मात्र शास्त्राची जुनी उदाहरणे थोडी कमी पडतात. शिंपल्यावर रुप्याचा भास होणे हे भ्रमाचे नेहमीचे उदाहरण, पण शिंपल्याने कधी कोणाला फसवले नाही. चमक त्याची स्वाभाविक होती. नकली केबलची चमक कोणीतरी मुद्दाम दिलेली असते. नवव्या-दहाव्या शतकातील वाचस्पती मिश्रांनी प्रामाण्य ओळखण्याचा एक मार्ग सांगितला आहे: पूर्वी ज्या जातीचे ज्ञान खरे ठरले, त्याच जातीचे हे आहे, या साधर्म्यावरून ते कृतीपूर्वीही खरे मानता येते. ग्राहक नेमके हेच करतो, आधीची केबल चांगली निघाली म्हणून तेच नाव, तोच डबा, तोच शिक्का पाहून घेतो. आणि नकली माल बनवणारा त्या साधर्म्याचीच चोरी करतो. त्यामुळे त्याने केवळ एका ग्राहकाला फसवले असे म्हणणे अपुरे आहे, कारण ज्या खुणेवर हजारो लोकांचा निर्दोष व्यवहार उभा असतो, ती खूणच त्याने निरर्थक केलेली असते.

यावर उपाय म्हणून खुणेमागे दुसरी खूण उभी केली जाते. भारतात भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी झालेल्या चार्जरवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो आणि तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपवर पडताळता येतो. यूएसबीचे नियम करणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये, चार्जरला आणि केबलला आपली ओळख गुप्तलिपीतील स्वाक्षरीने पटवून देता यावी, अशी योजना सुरू केली. मग त्या स्वाक्षरीला प्रमाण कोण, त्या प्रमाणाला प्रमाण कोण, असा प्रश्न मागे मागे जातो, ज्याला शास्त्रात अनवस्था म्हणतात. ही अनवस्था खरी आहे, पण तिने घाबरून जाण्याचे कारण नाही. साखळीचे शेवटचे टोक जाहीर जबाबदारी घेणाऱ्या, चूक झाल्यास जाब देण्यास बांधलेल्या संस्थेपाशी असणे, आणि ते रस्त्यावरच्या निनावी डब्यापाशी असणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

राहिला चौथा दोष, साधनांची अक्षमता, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. प्रामाणिक कारागिराने केलेली केबलही वापराने झिजते. टोकाशी वाकून वाकून आतले तंतू तुटतात, संपर्कपट्ट्यांवर घाम आणि धूळ बसते, रोध वाढतो. चिपला यातले काही कळत नाही. तिने पहिल्या दिवशी सांगितले तेच ती तिसऱ्या वर्षीही सांगते, त्यामुळे वचन न बदलताही ते असत्य झालेले असते. म्हणूनच पुष्कळ फोन केवळ वचनावर विसंबत नाहीत: प्रवाह वाढवताना येणारा दाब खाली घसरू लागला, तर ते आपण होऊन प्रवाह कमी करतात. एकाच विषयाची अनेक प्रमाणांनी मिळून खातरजमा होणे याला नैयायिक ‘प्रमाणसंप्लव’ म्हणतात, आणि वात्स्यायनाने त्यासाठी घेतलेले उदाहरण अग्नीचेच आहे: तिकडे अग्नी आहे हे प्रथम विश्वासू माणसाकडून कळते, जवळ जाताना धूर दिसून त्याचे अनुमान होते, आणि अगदी जवळ गेल्यावर तो प्रत्यक्ष दिसतो. केबलच्या बाबतीत या क्रमाची तिसरी पायरी कोणालाही नको असते. म्हणून दुसऱ्या पायरीवर, म्हणजे फोन भरत असताना केबलचे टोक बोटाला चटका देण्याइतके तापले, त्याचे प्लास्टिक पिवळे पडले किंवा मऊ झाले, की चिप काहीही सांगत असली तरी ती केबल काढून टाकायची असते.